न शिवलेलं

आजीला लुगडं नेसताना मी शेकडो वेळा ऐकलं आहे, पाहिलं मात्र फार थोड्या वेळा. नारायण पेठेतल्या वाड्यात आमच्या दोनच खोल्या होत्या. पहाटे साडेपाचला आजी उठायची तेव्हा आजोबा झोपलेले असत, मी झोपलेली असे, म्हणून ती दिवा लावत नसे. अंधारात सुती कापडाची सळसळ व्हायची, मग गाठ आवळताना तिच्या तोंडून निघणारा छोटासा हुंकार, बांगड्या मागे सारल्याचा आवाज, आणि पाचेक मिनिटांत ती गॅसपाशी उभी. नऊ वार कापड. त्याला कुठे टाका नाही, हूक नाही, पिन नाही, नाडी नाही. दिवसभर ती त्यात वाकायची, मांडी घालून बसायची, जिने चढायची, मंडईतून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन यायची, आणि ते लुगडं कधी सुटलेलं मला आठवत नाही. रात्री एक गाठ सोडली की सगळं पुन्हा नुसतं कापड व्हायचं.

पुढे मी आरएनएवर काम करायला लागले आणि आजीचं लुगडं मला प्रयोगशाळेत इतक्यांदा आठवलं, की कधीतरी हे लिहायलाच हवं होतं.

डीएनए हा शब्द आता घरोघरी पोचला आहे. आरएनएची ओळख त्याचा निरोप्या एवढीच राहिली. डीएनएमधला मजकूर उतरवून घ्यायचा आणि प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेकडे नेऊन द्यायचा, हे त्याचं काम. शाळेच्या पुस्तकात आरएनएचं चित्र म्हणजे एक आडवी रेघ आणि तिला कंगव्यासारखे दाते. मी ते चित्र दहावीत घोटून घोटून काढलं, त्याला मार्कही मिळाले. पण पेशीत आरएनए असा आडवा, सरळ क्वचितच सापडतो. कपाटातल्या लुगड्याचं चित्र काढून खाली ‘बाईचा पोशाख’ लिहावं, तसं ते चित्र आहे. चूक म्हणता येत नाही, पण त्यावरून काहीच कळत नाही.

आरएनएची साखळी चार अक्षरांची असते: ए, यू, जी आणि सी. एची जोडी यूशी जमते, जीची सीशी, आणि जी-यूचंही बऱ्यापैकी भागतं. डीएनएत दोन धागे समोरासमोर असतात, त्यामुळे प्रत्येक अक्षराला जोडीदार समोरच मिळतो. आरएनएचा धागा बहुतेकदा एकटा. त्याला जोडीदार स्वतःमध्येच शोधावा लागतो. मग साखळी वळते, स्वतःवर दुमडते, आणि पुढचा एखादा तुकडा मागच्या एखाद्या तुकड्याला जाऊन बिलगतो. सगळ्यात साधी घडी म्हणजे दोन्ही बाजू एकमेकींना चिकटलेल्या आणि टोकाला एक मोकळं वेटोळं. शास्त्रज्ञ तिला हेअरपिन म्हणतात. आमच्या घरात त्या वस्तूला आकडा म्हणत. आजीच्या अंबाड्यात सहा काळे आकडे खोचलेले असायचे आणि रात्री ते उशाच्या वाटीत पडायचे. त्यामुळे पुढेही मी आकडाच म्हणणार आहे.

या जोड्या बांधणारे हायड्रोजन बंध फार नाजूक असतात. ए-यूमध्ये दोन, जी-सीमध्ये तीन. साखळीतली अक्षरं ज्या बंधांनी एकापुढे एक ओवलेली असतात, त्यांच्या तुलनेत हे अगदीच दुबळे. पण आठ-दहा जोड्या एकीवर एक रचल्या गेल्या की त्यांच्या रचण्यालाच बळ येतं आणि घडी टिकते. थोडं तापवलं की सुटते. थंड केलं की परत बसते. हे सुटणं माझ्या लेखी आरएनएचा सगळ्यात मोठा गुण आहे. ते पटायला मला काही वर्षं लागली.

घडीची पहिली खात्रीची चाहूल 1965 साली लागली. अमेरिकेत रॉबर्ट हॉली यांच्या गटाने यीस्टमधल्या एका छोट्याशा आरएनएची सगळी अक्षरं क्रमवार वाचून काढली. 77 अक्षरं. कुठल्याही आरएनएचं असं संपूर्ण वाचन त्याआधी झालं नव्हतं. बेकरीत वापरतात ते यीस्ट त्यांना सुमारे 140 किलो लागलं आणि त्यातून हाताशी आलेला शुद्ध माल जेमतेम ग्रॅमभर होता. तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा ओळखायचा, मग कुठला तुकडा कुठल्याला जोडून होता ते ताडायचं, असं वर्षानुवर्षं चाललं. 1968 चं नोबेल हॉली यांना हरगोविंद खोराना आणि मार्शल निरेनबर्ग यांच्याबरोबर मिळालं.

अक्षरं हातात आल्यावर ही साखळी कशी दुमडत असेल हा प्रश्न होताच. जुळणारे तुकडे समोरासमोर आणून पाहिले तेव्हा कागदावर तीन पाती आणि एक देठ असा आकार उमटला. हॉलींच्या गटातल्या एलिझाबेथ केलर यांनी तो सुचवला होता. पाश्चात्त्यांना त्यात क्लोव्हरचं पान दिसलं. मला ते बेलाचं पान दिसतं. त्रिदल, खाली देठ. मधल्या पानाच्या टोकाला तीन अक्षरं असतात, ती निरोप वाचतात. देठाच्या टोकाला अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनाच्या माळेतला एक मणी, लटकलेलं असतं. 1974 मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने या माल वाहणाऱ्या आरएनएची, म्हणजे टीआरएनएची खरी, त्रिमितीतली घडी स्पष्ट झाली, आणि बेलाचं पान तिथे आणखी एकदा दुमडलेलं निघालं: काटकोनात वाकलेलं, इंग्रजी एल अक्षरासारखं. वाचणारं टोक एका बाजूला, माल वाहणारं टोक सात-आठ नॅनोमीटर लांब दुसऱ्या बाजूला. पेशीत असे डझनावारी टीआरएनए असतात, प्रत्येकाची अक्षरं वेगळी. तरी जवळजवळ सगळे त्याच काटकोनात दुमडतात, कारण सगळ्यांना रायबोसोममधल्या, म्हणजे निरोप वाचून प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रातल्या, त्याच खोबणीत बसायचं असतं.

आता माझी गोष्ट.

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझ्या हातात एका जिवाणूचा 80-82 अक्षरांचा आरएनए होता. ब जीवनसत्त्वांतलं पहिलं, म्हणजे बी-1, पेशीत ज्या रूपात वापरलं जातं ते ओळखून पकडणं हे त्याचं काम. तीन महिने माझा प्रयोग अर्धवट चालत होता. आरएनएपैकी निम्मा बी-1 पकडायचा आणि निम्मा ढिम्म. कितीही बी-1 ओता, प्रमाण पन्नास टक्क्यांच्या पुढे सरकत नसे. आरएनए तुटतोय, असं मी धरून चालले होते. तुटणं ही त्याच्या बाबतीत रोजची गोष्ट असते. आपल्या त्वचेवर, घामात त्याला कापणारी एन्झाइम असतात, म्हणून हातमोजे, निर्जंतुक पाणी, वेगळा टेबल. मी सगळं नव्याने केलं. फरक शून्य. मग युरिया घातलेली जेल चालवून पाहिली. जेल म्हणजे बारीक जाळीचा थर, त्यातून विजेच्या ओढीने आरएनए खाली सरकतो. युरिया घड्या मोडतो, साखळी सरळ होते आणि नुसती लांबी मोजली जाते. एकच पट्टा आला, स्वच्छ, रेघेसारखा. म्हणजे तुटलं काहीच नव्हतं.

माझ्या मार्गदर्शक मॅडमनी फोटो पाहिला आणि एवढंच म्हणाल्या, ‘‘युरिया न घालता चालव. कोल्ड रूममध्ये.’’

मे महिना होता. बाहेर पाषाणच्या रस्त्यावर डांबर चपलेला चिकटत होतं आणि मी स्वेटर, मफलर घालून चार अंशांच्या खोलीत काचेच्या दोन पाट्यांसमोर उभी होते. कमी व्होल्टेज ठेवावं लागतं, नाहीतर जेल तापते आणि घडी सुटते. त्यामुळे वेळ लागतो. निळा रंग मुंगीच्या पावलांनी खाली सरकत होता. रात्री अकराच्या सुमारास जेल सोडवली, रंगात भिजवली आणि अतिनील दिव्यावर ठेवली.

दोन पट्टे. एक वर, एक खाली, दोन्ही सारखेच ठळक नारंगी.

अक्षर न्‌ अक्षर तेच, लांबी तीच, एकाच नळीतून एकाच दिवशी बनवलेला माल, आणि तरी माझ्यासमोर दोन वेगळ्या वस्तू होत्या. एकीची घडी आटोपशीर, म्हणून ती जेलच्या जाळीतून भराभर खाली गेली होती. दुसरी पसरट, अघळपघळ, वरच अडकून राहिलेली. माझा निम्मा आरएनए चुकीचा नेसला होता. मी त्या अंधाऱ्या खोलीत बराच वेळ नुसती बघत बसले. तोवर आरएनएच्या घडीबद्दल मी शंभरेक शोधनिबंध वाचले असतील. घडी डोळ्यांनी दिसली ती त्या रात्री.

चूक साधी होती. मी आरएनए फ्रीझरमधून काढून थेट मॅग्नेशियमच्या द्रावणात टाकत होते. गोठताना-वितळताना साखळीला जी काही अर्धीमुर्धी घडी पडलेली असायची, ती मॅग्नेशियम मिळताच तशीच पक्की व्हायची. आरएनएचा कणा ऋण भाराचा असतो, त्यामुळे साखळीचे दोन भाग जवळ आले की एकमेकांना ढकलतात. मॅग्नेशियमचे दुहेरी धन भाराचे आयन मध्ये बसून ते भांडण मिटवतात. म्हणून घडीला मॅग्नेशियम हवंच. पण योग्य वेळी. मॅडमनी वहीत लिहून दिलं: मॅग्नेशियमशिवाय 95 अंशांवर दोन मिनिटं, मग टेबलावर ठेव, दहा मिनिटं हात लावू नकोस, त्यानंतर मॅग्नेशियम. क्रम उलटा केला तर मॅग्नेशियम आणि उष्णता मिळून साखळीच तोडतात. दुसऱ्या रात्री खालचा पट्टा भरघोस आला आणि वरचा इतका पुसट, की डोळे बारीक केल्याशिवाय दिसेना.

त्या रविवारी आजीला हे सगळं सांगितलं. तिला आरएनए माहीत नव्हता, पण ऐकायला आवडायचं. भाजी निवडता निवडता ती म्हणाली, ‘‘म्हणजे सगळं सोडून पुन्हा नेसवलंस?’’

‘‘हो.’’

‘‘मग आधीच का नाही केलंस? चुकलेल्या निऱ्या वरून ओढून सरळ होत नसतात, बाळ.’’

हे वाक्य मी पुढे कितीतरी विद्यार्थ्यांना सांगितलं आहे, कारण आरएनएच्या घडीतली मोठी अडचण नेमकी हीच आहे. टेट्राहायमिना नावाच्या एकपेशीय जिवात एक आरएनए असतो. 1982 साली थॉमस चेक यांच्या गटाने दाखवलं की त्यातला सुमारे 400 अक्षरांचा एक तुकडा कुठल्याही प्रथिनाच्या मदतीशिवाय स्वतःला कापून बाहेर काढतो आणि मागची दोन टोकं जोडून देतो. रासायनिक क्रिया घडवून आणणं हे फक्त प्रथिनांचं काम, हा तोवरचा पक्का समज होता. 1989 चं नोबेल चेक आणि सिडनी आल्टमन यांना त्याबद्दलच मिळालं. पण या कर्तबगार आरएनएची परीक्षानळीतली गोष्ट मला अधिक जवळची वाटते. तिथे त्यातले बरेचसे रेणू चुकीच्या घडीत जाऊन बसतात आणि तासन्‌तास बाहेर येत नाहीत. ती घडी बहुतांशी बरोबरच असते. एकच वळसा चुकीच्या बाजूने गेलेला असतो. तो दुरुस्त करायचा तर बरोबर बसलेलंही सोडावं लागतं. म्हणून ते अडकतात. पेशीत अशा वेळी काही प्रथिनं येतात, ऊर्जा खर्चून घडी उसवतात आणि साखळीला पुन्हा एक संधी देतात. बरोबर घडी कोणती हे त्या प्रथिनांना ठाऊक नसतं. त्यांचं काम फक्त सोडवण्याचं.

शिवाय पेशीत आरएनएला सगळी साखळी तयार होईपर्यंत थांबायचीही मुभा नसते. जिवाणूत सेकंदाला साधारण 20 ते 80 अक्षरं या वेगाने तो बनत असतो आणि बनता बनताच दुमडत असतो. मागचं टोक अजून जन्मालाही आलेलं नसतं तेव्हा पुढच्या टोकाचे आकडे वळून बसलेले असतात. कुठली घडी आधी पडते यावर पुढची कुठली पडू शकेल हे ठरतं.

इथे लुगड्याची उपमा थांबते, तेही सांगायला हवं. लुगड्याला नेसणारी लागते. कापडावरच्या चौकड्यांना किंवा काठाला घडीशी काही देणंघेणं नसतं. आरएनएत नेसणारं वेगळं कोणी नाही. कुठे वळायचं, कुणाला बिलगायचं, ते त्याच्या अक्षरांतच असतं, आणि तीच अक्षरं निरोपाचाही मजकूर असतात. एकाच ओळीत दोन आज्ञा: काय सांगायचं आणि कसं दुमडायचं. याची मला अजून सवय झालेली नाही.

पानशेतच्या पुराची गोष्ट आमच्या घरात दर जुलैला निघायची. 12 जुलै 1961. आजी तेव्हा पंचविशीची, बाबा दोन वर्षांचे. पाणी येतंय अशी ओरड झाली तेव्हा ती नेहमीसारखी नेसलेली, निऱ्या पायघोळ. पुढचं ती उभी राहून करून दाखवायची. निऱ्या वर उचलून काचा मारला, गुडघ्यापर्यंत पाय मोकळे केले. पदर पाठीवरून आणून कमरेला घट्ट आवळला आणि त्यात बाबांना बांधलं. पुढचा सोगा उचलून ओचा केला, त्यात देव्हाऱ्यातले देव आणि मीठ-मिरचीच्या डब्यात ठेवलेले पैसे. तशीच ती पर्वतीकडे निघाली. सगळं मिळून किती वेळ लागला असं आम्ही विचारायचो. ‘‘वेळ कुठला,’’ ती म्हणायची, ‘‘पाणी पायरीला लागलं होतं.’’ नेसलेलं वस्त्र त्याच क्षणी झोळीही झालं, पिशवीही झालं.

माझा बी-1 पकडणारा आरएनए हेच करतो. बी-1 बनवण्याच्या सामग्रीचा निरोप ज्या आरएनएवर असतो, त्याच्या सुरुवातीलाच तो बसलेला असतो. पेशीत बी-1 कमी असेल तर त्याची एक घडी असते आणि रायबोसोमला निरोप वाचायला सुरुवात करायची जागा उघडी राहते. बी-1 पुरेसं झालं की ते जाऊन घडीतल्या एका कप्प्यात बसतं, साखळी त्याच्याभोवती आवळली जाते, आणि त्या आवळण्यात सुरुवातीची जागा आत ओढली जाऊन झाकली जाते. वाचन बंद, उत्पादन बंद. मध्ये कोणी दलाल नाही, कुठलं प्रथिन नाही. यांना रायबोस्विच म्हणतात. 2002 साली येल विद्यापीठातल्या रोनाल्ड ब्रेकर यांच्या गटाने यातले पहिले काही दाखवले. बी-1 चा रायबोस्विच जिवाणूंत आहे, बुरशीत आहे, वनस्पतींतही आहे. म्हणजे हातसडीच्या तांदळाच्या कोंड्यातलं बी-1 ज्या रोपात तयार झालं, तिथेही अशीच एक घडी मिटत-उघडत असणार.

काही आरएनए तापमान ओळखतात. लिस्टेरिया हा अन्नातून पोटात जाणारा रोगजंतू. मातीत, फ्रीजमध्ये, थंडीत असतो तेव्हा त्याच्या हल्ल्याची सूत्रं हलवणाऱ्या प्रथिनाचा निरोप एका आकड्यात मिटून असतो. माणसाच्या शरीरात गेला की 37 अंशांना तो आकडा सैल होतो आणि वाचन सुरू. त्या जोड्या याहून घट्ट असत्या तर जंतूला आपण कुठे आलो हे कळलंच नसतं, आणि सैल असत्या तर मातीतच हत्यारं काढून बसला असता.

आणि एक आकडा माणसाच्या पेशीतला. याच्यावर मी कधी काम केलं नाही, पण सगळ्यात जास्त विचार याचाच केला आहे. पेशी जादाचं लोह फेरिटिन नावाच्या प्रथिनाच्या पेटीत साठवतात. फेरिटिनच्या निरोपाच्या सुरुवातीला, प्रथिनाचा मजकूर सुरू होण्याआधी, तीसेक अक्षरांचा एक आकडा असतो. लोह कमी असेल तेव्हा एक प्रथिन येऊन त्या आकड्यावर बसतं आणि रायबोसोमची वाट अडवतं. साठवायला काही नाही तर पेट्या कशाला? लोह वाढलं की ते प्रथिन उठून जातं आणि पेट्या बनायला लागतात.

काही घराण्यांत या आकड्यातलं एक अक्षर बदललेलं असतं. फेरिटिनच्या प्रथिनात त्याने काडीचाही फरक पडत नाही, कारण ते अक्षर प्रथिनाच्या मजकुरात नाहीच. बिघडते ती फक्त घडी. अडवणारं प्रथिन आता नीट बसू शकत नाही, वाट कायम मोकळी, आणि फेरिटिन गरज नसताना बनत राहतं. ते डोळ्याच्या भिंगात साठतं आणि तरुणपणी, कधी अगदी लहानपणीही, मोतीबिंदू होतो. रक्त तपासलं तर फेरिटिन भरपूर दिसतं. ते पाहून शरीरात लोह जास्त झालंय असं समजून कोणी रक्त काढत राहिलं, तर लोह मुळात जास्त नसल्यामुळे रुग्णाला उलट पंडुरोग होतो. हा विकार 1995 साली ओळखला गेला. त्याआधी अशा घराण्यांतल्या लोकांना काय सांगितलं जात असेल, याचा विचार मनातून जात नाही. डोळ्यांपुढे धुकं, रक्तात वाढलेलं फेरिटिन, आणि कारण एका निरोपाच्या मजकुराबाहेरच्या घडीत, जिथे शोधायचं कोणाला सुचलंच नसतं. आम्ही शिकत होतो तेव्हाही मजकुराबाहेरच्या अक्षरांना पटकन ‘बिनकामाची’ म्हटलं जायचं. त्या शब्दाचा मला आजही राग येतो.

2020 च्या मार्चनंतर आरएनए हा शब्द पुण्यात भाजीवाल्यापर्यंत पोचला. देशभरातले पहिले नमुने इथे एनआयव्हीत, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेत तपासले जात होते. आमची प्रयोगशाळा बंद होती आणि मी घरी बसून त्या विषाणूची जवळजवळ 30 हजार अक्षरं पडद्यावर वर-खाली करत असायची. तो सबंध विषाणू म्हणजे एक लांबलचक आरएनए आणि भोवती वेष्टन. त्यात एका जागी सात अक्षरं अशी आहेत की त्यांच्यावरून रायबोसोमचा पाय घसरू शकतो, आणि त्यांच्या लगेच पुढे एक स्यूडोनॉट आहे: आकड्याच्या वेटोळ्यातून साखळीचा पुढचा भाग मागे वळून अडकलेला. तिला मराठीत सुरगाठ म्हणावं. दिसते पक्की, पण टोक ओढलं की सुटते. रायबोसोम त्या गाठीशी थबकतो, आणि थबकला की कधीकधी एक अक्षर मागे सरकतो. वाचन तीन-तीन अक्षरांचं असल्यामुळे एका अक्षराने सगळा मजकूर बदलतो आणि विषाणूच्या प्रती काढणारी प्रथिनं त्या बदललेल्या वाचनातूनच मिळतात. ही गाठ नसती तर विषाणूला स्वतःची प्रत काढता आली नसती. ती सहा-सात महिन्यांची रात्र-रात्र जागरणं, रस्त्यावरून जाणाऱ्या अँब्युलन्स, आणि पडद्यावर ती गाठ. मी तिचा द्वेष करू शकले नाही. इतकी सुंदर गोष्ट इतक्या माणसांच्या जिवावर उठलेली पाहणं फार जड होतं.

लशी आल्या, त्यांत आरएनएचीही होती. पुण्यातल्याच जेनोव्हा कंपनीच्या एमआरएनए, म्हणजे निरोप्या आरएनएच्या लशीला जून 2022 मध्ये आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. साध्या फ्रीजच्या 2 ते 8 अंशांत ती ठेवता येते. आरएनएला असं टिकवणं किती अवघड, हे त्याच्याबरोबर राहिलेल्यालाच कळतं. डीएनएपेक्षा त्याच्या साखरेवर एक ऑक्सिजन जास्त असतो आणि साखळी सैल असेल तिथे तो ऑक्सिजन शेजारच्याच बंधावर तुटून पडतो. जोडीत बांधलेल्या भागांत त्याला तेवढी हालचाल करता येत नाही. घडी आरएनएला कामाला लावते, तशी जगवतेही.

आता लक्ष्मी रोडला शिवलेली नऊवारी मिळते. पायजम्यासारखी पाय घालून चढवायची, मागे हूक. चुलतबहिणीच्या लग्नात मी नेसले, म्हणजे घातली. छान दिसते, सुटायची भीती नाही. पण तिचा ओचा होत नाही, काचा मारता येत नाही, त्यात मूल बांधता येत नाही. त्या दिवशी मांडवात बसून मी रायबोसोमचा विचार करत होते. अमिनो आम्लं एकमेकांना जोडली जातात ती जागा आरएनएनेच घडलेली आहे, हे 2000 च्या सुमारास स्पष्ट झालं. त्या कामाचं 2009 चं नोबेल व्यंकटरामन रामकृष्णन, थॉमस स्टाइट्झ आणि अदा योनाथ यांना मिळालं. हजारो अक्षरांची ती घडी प्रत्येक अमिनो आम्लागणिक थोडी फिरते, थोडी उघडते, परत जागेवर येते. त्यातले सांधे कोणी टाके घालून पक्के केले असते, तर ते फक्त एक देखणं शिल्प झालं असतं.

आजी गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. तिची लुगडी आईने गोधड्या शिवायला दिली. चार गोधड्या झाल्या, एक माझ्याकडे आहे, डिसेंबरात तिच्यावाचून झोप येत नाही. एक हिरवं इरकली लुगडं मात्र मी शिवू दिलं नाही. ‘‘तू कुठे नेसणार आहेस?’’ आईने विचारलं होतं. मी नेसणार नव्हतेच.

आरएनएची घडी ओळखायची एक पद्धत आहे. मोकळ्या अक्षरांनाच चिकटेल असं रसायन त्यावर सोडायचं. जोडीत दडलेल्या अक्षरांपर्यंत ते पोचत नाही. मग घडी मोडायची, साखळी सरळ करायची आणि कुठे कुठे डाग लागलेत ते एकेक अक्षर तपासायचं. डाग लागले ते उघडं होतं, कोरं राहिलं ते आत होतं. आठ-दहा वर्षं मी हेच करते आहे.

गेल्या आठवड्यात ते लुगडं हवा द्यायला कोथरूडच्या घराच्या गच्चीवर नेलं. पाण्याच्या टाकीपासून कठड्यापर्यंत ते एकदाचं पूर्ण उलगडलं, सव्वाआठ मीटर. आणि मला दिसलं. खांद्यावरून जाणारा पट्टा पार फिका पडलेला, जवळजवळ पोपटी. मग निऱ्यांचा भाग आला: बोटभर फिकं, मग तीनचार बोटं गडद, परत बोटभर फिकं, असं ओळीने. मी मोजल्या, अकरा निऱ्या. मागे कासोटा खोचायची त्या जागी सुरकुत्यांचं जाळं. आणि कमरेच्या गाठीत दडलेला तळहाताएवढा तुकडा, दुकानातून आणला त्या दिवशीसारखा हिरवागार.

आई वर आली तेव्हा मी त्या तुकड्यावर हात ठेवून बसले होते. ‘‘काय बघतेस?’’ तिने विचारलं.

‘‘आजी कशी नेसायची ते.’’

आईही खाली बसली. थोड्या वेळाने तिने निऱ्यांपाशी बोट ठेवून सांगितलं, की ही सगळ्यात फिकी आहे ना, ती तू धरून चालायचीस ती. ऊन उतरल्यावर तिने एक टोक धरलं, मी दुसरं, आणि मधोमध एकमेकींपाशी येत आम्ही ते घडी घातलं.